काळजीवाहू सरकार : दोन कौलांमधली अमानत



शिक्षणसंस्थेच्या वार्षिक समारंभात निकाल, बक्षिसे आणि इमारत निधी ह्यांविषयी बोलण्याचा प्रघात आहे. मी मात्र आज आपल्यापुढे 'काळजीवाहू सरकार' हा विषय मांडणार आहे. हा विषय राजधानीतला, वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरचा. त्याचा शाळेशी काय संबंध, असे आपल्यापैकी काहींच्या मनात येईल. संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. तो दाखविण्यासाठी मी शाळेपासूनच सुरुवात करतो.

समजा, एखाद्या शाळेचे मुख्याध्यापक निवृत्त झाले. नव्या मुख्याध्यापकांची नेमणूक व्हावयाची आहे. तोवर एका ज्येष्ठ शिक्षकाकडे 'चार्ज' येतो. ह्या प्रभारी मुख्याध्यापकांनी काय करावे? घंटा वेळेवर व्हावी, हजेरीपट तपासला जावा, पगारपत्रक वेळेत जावे, परीक्षेचे अर्ज मुदतीत भरले जावेत. ही कामे त्यांनी टाळली तर मुलांचे वर्ष बुडेल. पण ह्याच दोन महिन्यांत त्यांनी शाळेचे मैदान कोणाला भाड्याने दिले, किंवा पुढच्या पाच वर्षांचे गणवेशाचे कंत्राट देऊन टाकले, तर? त्यांच्या सहीला अधिकार असेलही. पण ह्यांनी मर्यादा ओलांडली, असेच आपण सारे म्हणू. आणि समजा, त्याच दिवसांत मुसळधार पावसाने एका वर्गाचे छप्पर कोसळले आणि 'मी काय, नुसता प्रभारी' असे म्हणून ते स्वस्थ बसले, तरीही आपण त्यांनाच दोष देऊ.

काळजीवाहू सरकारचा सारा प्रश्न एवढ्यात आला. रोजचे काम थांबवू नये. पुढे येणाऱ्याचे हात बांधू नयेत. आणि संकट आले तर पाठ फिरवू नये. सांगावयास सोपे, पण आचरणास अत्यंत अवघड असे हे तीन नियम आहेत.

आपल्या घरांत ह्यासाठी एक जुना शब्द आहे : अमानत. प्रवासाला निघालेला शेजारी दागिन्यांचा डबा विश्वासाने आपल्याकडे ठेवून जातो. डबा आपल्या कपाटात असतो, कपाटाची किल्ली आपल्या हाती असते. पण डबा आपला नसतो. घराला आग लागली तर तो सर्वांआधी बाहेर काढणे आपले कर्तव्य असते. पण आग नसताना तो उघडून त्यातील एखादा दागिना मिरविणे ही खयानत होते. एका निवडणुकीतला जनतेचा कौल संपला आहे आणि दुसरा अजून मिळावयाचा आहे, अशा मधल्या दिवसांत सत्ता ही अशीच अमानत असते.

घटनेत नसलेला शब्द

आता एक गमतीची गोष्ट पाहा. भारताच्या राज्यघटनेत 'काळजीवाहू सरकार' हा शब्दच नाही. घटनेचे ७५ वे कलम सांगते की, मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार राहील. लोकसभेचा विश्वास असेल तोवर सरकार. विश्वास उडाला की राजीनामा. पण लोकसभाच विसर्जित झाली तर? जबाबदार राहावयाचे कोणाला?

हा प्रश्न १९७१ साली प्रत्यक्ष सर्वोच्च न्यायालयापुढे आला. डिसेंबर १९७० मध्ये श्रीमती इंदिरा गांधींच्या सल्ल्यावरून लोकसभा मुदतीपूर्वी विसर्जित झाली होती. यू. एन. आर. राव ह्या अर्जदाराचे म्हणणे असे की, सभागृहच उरले नाही तेव्हा मंत्रिमंडळही उरू शकत नाही. म्हणून श्रीमती गांधींना पंतप्रधानपदावर राहण्याचा अधिकार नाही. न्यायालयाने हे म्हणणे मान्य केले नाही. ७४ व्या कलमाप्रमाणे राष्ट्रपतींना साहाय्य व सल्ला देण्यासाठी मंत्रिमंडळ असलेच पाहिजे, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. राज्यात ३५६ व्या कलमाखाली राष्ट्रपती राजवट येऊ शकते. केंद्रात तशी कोणतीही सोय घटनाकारांनी ठेवलेली नाही. दिल्लीची खुर्ची एक दिवसही रिकामी राहू शकत नाही. नवे सरकार येईपर्यंत जुन्याने राहावे, हा त्यावरचा एकच मार्ग.

म्हणजे कायद्याच्या दृष्टीने काळजीवाहू पंतप्रधान हा पुरता पंतप्रधान असतो. त्याच्या सहीची शाई फिकी नसते. त्याने काय करू नये हे घटनेने लिहून ठेवलेले नाही; ते संकेतावर, म्हणजेच माणसांच्या शहाणपणावर सोडले आहे.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. नेता मृत्यू पावतो, पण सभागृह आणि बहुमत शाबूत असते, तेव्हा येतो तो हंगामी नेता. २७ मे १९६४ रोजी पंडित नेहरू निवर्तले, तेव्हा गुलझारीलाल नंदा हंगामी पंतप्रधान झाले आणि ९ जून रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हाती कारभार देऊन बाजूला झाले. ११ जानेवारी १९६६ रोजी ताश्कंद येथे शास्त्रीजींचे निधन झाले, तेव्हाही नंदाच पुढे आले आणि २४ जानेवारीला श्रीमती गांधींनी शपथ घेताच पुन्हा मागे सरले. आपल्या महाराष्ट्रातही हे घडले आहे. नोव्हेंबर १९६३ मध्ये मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार ह्यांचे पदावर असतानाच निधन झाले. पी. के. सावंत ह्यांनी सुमारे दहा दिवस हंगामी मुख्यमंत्री म्हणून काम पाहिले आणि ५ डिसेंबर रोजी वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले. ह्या माणसांची नावे आज फारशी कोणी घेत नाही. मला वाटते, त्यांच्या कामाची हीच पावती आहे. चांगला राखणदार तोच, ज्याच्या पहाऱ्यात काही घडल्याचे कोणाला आठवत नाही.

काळजीवाहू सरकारची गोष्ट ह्याहून कठीण असते. तेथे बहुमत गेलेले असते, बहुधा सभागृहही गेलेले असते, आणि राखणदार स्वतःच निवडणुकीच्या आखाड्यात उतरलेला असतो. ज्याला डबा हवा आहे, त्याच्याकडेच डबा राखावयास दिलेला असतो!

तीन प्रसंग

पहिला प्रसंग १९७९ चा. जुलैमध्ये मोरारजी देसाईंनी राजीनामा दिला. २८ जुलैला चौधरी चरणसिंग पंतप्रधान झाले. ज्या इंदिरा काँग्रेसच्या पाठिंब्यावर त्यांची भिस्त होती, तिने पाठिंबा काढून घेतला. महिना पुरा होण्याच्या आत, २० ऑगस्ट रोजी, लोकसभेला एकदाही तोंड न देता त्यांनी राजीनामा दिला. २२ ऑगस्टला राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी ह्यांनी लोकसभा विसर्जित केली आणि चरणसिंगांना पुढील व्यवस्था होईपर्यंत राहण्यास सांगितले. त्या वेळी राष्ट्रपतींनी एक महत्त्वाची गोष्ट जाहीर केली. ह्या काळात नवे धोरण ठरविणारे, मोठ्या नव्या खर्चाचे किंवा मोठे प्रशासकीय स्वरूपाचे निर्णय घेतले जाणार नाहीत, असे सरकारने आपणांस आश्वासन दिले आहे, असे त्यांनी नमूद केले. घटनेत नसलेली मर्यादा अशी प्रथमच ठसठशीतपणे शब्दांत उतरली.

पण मर्यादा लिहिल्याने प्रश्न मिटत नाहीत. त्याच ऑक्टोबरमध्ये जीवनावश्यक वस्तूंचा काळाबाजार करणाऱ्यांना स्थानबद्ध करण्याचा वटहुकूम निघाला. महागाईने लोक गांजले होते, हे खरे. पण माणसाला खटल्याविना अटकेत ठेवण्याचा अधिकार हे रोजचे काम की नवे धोरण? गृहिणी एक उत्तर देईल, वकील दुसरे देईल. आणि ही स्थिती जवळजवळ पाच महिने चालली. १४ जानेवारी १९८० रोजी श्रीमती गांधींनी शपथ घेतली तेव्हा ती संपली.

दुसरा प्रसंग १९९१ चा. ६ मार्च रोजी चंद्रशेखर ह्यांनी राजीनामा दिला. आठवड्याभरात लोकसभा विसर्जित झाली. पुढच्या वर्षाचा पूर्ण अर्थसंकल्प मंजूर झालेला नव्हता. लेखानुदानावर गाडा चालला होता. परकीय चलनाची गंगाजळी आटत आटत काही आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. देशाची पत जाण्याची वेळ आली. तशात २१ मे रोजी राजीव गांधींची हत्या झाली आणि मतदानाचे उरलेले टप्पे जूनवर गेले. त्या मे महिन्यात ह्या काळजीवाहू सरकारने तस्करांकडून जप्त केलेले २० टन सोने परदेशी बँकेला विकून परकीय चलन उभे केले. ते परत विकत घेण्याची सोय करारात ठेवली होती.

आता सांगा, राष्ट्राचे सोने परदेशी पाठविणे हे दैनंदिन कामकाज आहे काय? मुळीच नाही. पण ते न केले असते तर देशावर कर्जबुडव्याचा शिक्का बसला असता. छप्पर कोसळत होते, आणि प्रभारी मुख्याध्यापकांनी टेकू लावला. मला स्वतःला हा निर्णय काळजीवाहू मर्यादेत बसतो असे वाटते. कारण तो लांबणीवर टाकता येत नव्हता, आणि त्यातून सत्ताधाऱ्यांना मतांचा लाभ होणार नव्हता, उलट लोकांचा रोषच पत्करावा लागणार होता. ही कसोटी आपण लक्षात ठेवावी.

तिसरा प्रसंग १९९९ चा. १७ एप्रिल रोजी अटलबिहारी वाजपेयींचे सरकार लोकसभेत २६९ विरुद्ध २७०, म्हणजे एका मताने पडले. एक मत म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना समजावून सांगावयाचे असेल तर ह्यापरता दाखला नाही. कोणालाच पर्यायी बहुमत जमविता आले नाही आणि २६ एप्रिलला लोकसभा विसर्जित झाली. मे महिन्यात कारगिलच्या शिखरांवरील घुसखोरी उघडकीस आली आणि जुलैपर्यंत ते युद्ध काळजीवाहू सरकारच्या हाताखाली लढले गेले. सरहद्दीवर सैनिक प्राण देत असताना 'आमच्याकडे बहुमत नाही' असे कोणते सरकार म्हणेल? युद्ध लढणे हे त्याचे कर्तव्यच होते. परंतु लोकसभा नसली तरी राज्यसभा असते. ती कधीच विसर्जित होत नाही. तिचे अधिवेशन बोलावून युद्धाची चर्चा करावी, ही विरोधी पक्षांची मागणी मान्य झाली नाही. त्याच जुलैमध्ये दूरध्वनी कंपन्यांना ठरीव परवाना शुल्काऐवजी उत्पन्नातील वाटा देण्याची सवलत दिली गेली आणि काळजीवाहू सरकारला असा धोरणात्मक बदल करता येतो काय, ह्यावर मोठा वाद माजला. म्हणजे एकाच सरकारच्या एकाच महिन्यातील दोन कामांकडे आपण दोन निराळ्या नजरांनी पाहिले पाहिजे. सरकार चांगले की वाईट, हा येथे प्रश्नच नाही. हे काम ऑक्टोबरपर्यंत थांबू शकले असते काय, हा प्रश्न आहे.

ह्या अनुभवांतून आपण काही शिकलोही आहो. निवडणुकीची आचारसंहिता १९६० साली केरळात प्रथम आकाराला आली. पण ती पूर्वी निवडणुकीची घोषणा झाल्यावरच लागू होत असे. विसर्जन आणि घोषणा ह्यांच्यामध्ये मोकळे रान राही. सप्टेंबर २०१८ मध्ये तेलंगणाची विधानसभा मुदतीपूर्वी विसर्जित झाली, तेव्हा निवडणूक आयोगाने स्पष्ट केले की, अशा वेळी विसर्जनाच्या क्षणापासूनच आचारसंहिता लागू होईल आणि काळजीवाहू सरकारला नव्या योजना जाहीर करता येणार नाहीत. आयोगाने त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या बोम्मई निकालाचा आधार घेतला. कुंपणाची एक फट अशी बुजली.

शेजारच्या घरातील धडा

कोणी विचारील, एवढे संकेतावर कशाला सोडावयाचे? सरळ घटनेत लिहून टाका. पराभूत होऊ शकणाऱ्या सरकारकडे किल्ली देऊच नका. ती तटस्थ माणसाकडे द्या. हा विचार मोठा मोहक आहे. आपल्या शेजारच्या बांगलादेशाने तो प्रत्यक्षात आणून पाहिला. त्यांची कहाणी आपण सहानुभूतीने आणि नीट लक्ष देऊन वाचण्यासारखी आहे.

डिसेंबर १९९० मध्ये तेथे लोकांच्या आंदोलनापुढे जनरल एर्शाद ह्यांना पायउतार व्हावे लागले. कोणत्याच पक्षाचा दुसऱ्यावर विश्वास नव्हता; पण सरन्यायाधीश शहाबुद्दीन अहमद ह्यांच्यावर सर्वांचा होता. त्यांनी हंगामी राष्ट्राध्यक्ष म्हणून फेब्रुवारी १९९१ ची निवडणूक पार पाडली आणि ते आपल्या न्यायासनावर परत गेले. बेगम खालिदा झिया निवडून आल्या. पुढे १९९४ साली मागुरा येथील पोटनिवडणुकीत गैरप्रकार झाल्याचा आरोप होऊन विश्वास पुन्हा ढासळला. विरोधी सदस्यांनी राजीनामे दिले, फेब्रुवारी १९९६ च्या निवडणुकीवर बहिष्कार पडला, हरताळांनी देश ठप्प झाला. अखेर मार्च १९९६ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने काळजीवाहू सरकार घटनेतच घालण्यात आले. संसद विसर्जित झाल्यावर निवृत्त सरन्यायाधीशांपैकी अगदी अलीकडचे गृहस्थ 'मुख्य सल्लागार' होणार, त्यांच्याबरोबर जास्तीत जास्त दहा सल्लागार, ह्यांपैकी कोणीही निवडणूक लढवावयाची नाही, फक्त नित्याचा कारभार पाहावयाचा, आणि नव्वद दिवसांत निवडणूक घ्यावयाची, अशी रचना होती.

ती चालली. जून १९९६ ची निवडणूक न्यायमूर्ती हबीबुर रहमान ह्यांच्या देखरेखीखाली झाली. शेख हसीना ह्यांचा पक्ष जिंकला. ऑक्टोबर २००१ ची न्यायमूर्ती लतिफुर रहमान ह्यांच्या काळात झाली. बेगम झिया पुन्हा सत्तेवर आल्या. दोन्ही वेळा सत्तेवरचा पक्ष हरला आणि सत्ता सोडून गेला. ही लहान गोष्ट नव्हे.

पण मग काय झाले? पंच कोण होणार हे ज्या नियमाने ठरते, त्या नियमावरच सर्वांची नजर गेली. २००४ मध्ये न्यायाधीशांच्या निवृत्तीचे वय ६५ वरून ६७ करण्यात आले. आपल्याला सोयीचा सरन्यायाधीश नेमक्या वेळी निवृत्त व्हावा म्हणून हे केले, असा विरोधकांचा आरोप होता. ऑक्टोबर २००६ मध्ये रस्त्यांवर रक्त सांडले. त्या न्यायमूर्तींनी पद नाकारले. राष्ट्राध्यक्ष इयाजुद्दीन अहमद ह्यांनी ते पद स्वतःकडेच घेतले. ११ जानेवारी २००७ रोजी आणीबाणी आली, आणि लष्कराच्या पाठिंब्याने फखरुद्दीन अहमद ह्यांचे काळजीवाहू सरकार बसले. नव्वद दिवसांसाठी योजलेली व्यवस्था जवळजवळ दोन वर्षे चालली. त्या सरकारने आठ कोटींहून अधिक मतदारांची छायाचित्रांसह यादी तयार केली, हे त्याचे मोठे काम. पण त्याच सरकारने दोन्ही मोठ्या पक्षांच्या नेत्यांना तुरुंगातही टाकले. डिसेंबर २००८ मध्ये निवडणूक झाली आणि शेख हसीना परत आल्या.

२०११ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तेरावी घटनादुरुस्ती घटनाबाह्य ठरविली. मात्र पुढच्या दोन निवडणुका ह्या पद्धतीने घेता येतील अशी वाट ठेवली. संसदेने ती वाट न घेता जूनअखेर पंधराव्या दुरुस्तीने पद्धतीच रद्द केली. जानेवारी २०१४ च्या निवडणुकीवर प्रमुख विरोधी पक्षाने बहिष्कार घातला आणि ३०० पैकी १५३ जागांवर मतदानच झाले नाही. उमेदवार बिनविरोध आले. अर्ध्याहून अधिक मतदारसंघांत मतदाराला बोटाला शाई लावण्याची संधी नव्हती! दहा वर्षांनी, ५ ऑगस्ट २०२४ रोजी, विद्यार्थ्यांच्या आंदोलनापुढे शेख हसीना ह्यांना देश सोडावा लागला आणि ८ ऑगस्टला प्राध्यापक मुहम्मद युनूस ह्यांचे हंगामी सरकार आले. जी व्यवस्था घटनेतून काढून टाकली होती, तीसारखीच व्यवस्था घटनेत कसलीही तरतूद नसताना, शेकडो तरुणांच्या मृत्यूनंतर उभी करावी लागली.

ह्यातून कोणता बोध घ्यावा? काळजीवाहू सरकार घटनेत लिहिणे ही चूक होती, असे मी म्हणणार नाही. दोन वेळा त्याने लोकशाही वाचविली. पण तटस्थता कायद्याने निर्माण होत नाही. कायदा तिला जागा करून देतो, एवढेच. पक्षांमधला अविश्वास मिटला नाही म्हणून तो अविश्वास पंचाच्या निवडीत शिरला, न्यायासनापर्यंत पोचला. कुलूप कितीही भक्कम असले तरी ज्या घरात दोन्ही भाऊ एकमेकांना चोर समजतात, तेथे किल्ली कोणाकडे ठेवावी ह्यावरूनच भांडण होते.

हरणाऱ्याचा विश्वास

ह्याच्या उलट एक चित्र सांगतो. मे १९४५ मध्ये ब्रिटनमधील युद्धकाळातले संयुक्त सरकार संपले आणि चर्चिल ह्यांनी निवडणुकीपर्यंत काळजीवाहू मंत्रिमंडळ चालविले. ५ जुलैला मतदान झाले; पण परदेशातील सैनिकांची मते यावयाची असल्याने मोजणी २६ जुलैला होती. मधल्या दिवसांत पोट्सडॅम येथे अमेरिका व रशिया ह्यांच्याबरोबर युद्धोत्तर जगाची वाटाघाट होती. चर्चिल गेले, पण एकटे गेले नाहीत. निवडणुकीतले आपले प्रतिस्पर्धी क्लेमेंट ॲटली ह्यांना त्यांनी बरोबर नेले. परिषद चालू असतानाच निकाल लागला, चर्चिल हरले, आणि ॲटली पंतप्रधान म्हणून त्याच टेबलाशी परत येऊन बसले. देशाच्या बोलण्यात खंड पडला नाही. ह्याच चर्चिलसाहेबांचे हिंदुस्थानविषयीचे विचार आपण विसरलेलो नाही. पण चांगली रीत जेथे दिसेल तेथून घ्यावी.

संसदीय लोकशाहीत जिंकणाऱ्याचा आनंद हा फारसा महत्त्वाचा नसतो. जिंकणारा नेहमीच पद्धतीवर खूष असतो. पद्धतीची खरी परीक्षा हरणाऱ्याच्या मनात होते. 'आज मी हरलो. पण डाव सरळ झाला, आणि पाच वर्षांनी पुन्हा सरळच होईल,' असे हरणाऱ्याला वाटले की लोकशाही टिकली. हा विश्वास निवडणुकीच्या दिवशी तयार होत नाही. तो मधल्या काळजीवाहू दिवसांत मिळतो किंवा गमावला जातो. म्हणून हे थोडे दिवस इतके मोलाचे.

आपण काय विचारावे?

विद्यार्थी मित्रांनो, १९८९ पासून आपल्याकडे अठराव्या वर्षी मताचा अधिकार आहे. तुमच्यापैकी अनेक जण लवकरच यादीत नाव घालतील. लोकसभा नसते तेव्हा तिथे प्रश्न विचारणारा खासदार नसतो; त्या दिवसांत प्रश्न विचारण्याचे काम आपल्याकडे, नागरिकांकडे येते. केंद्रात असो, राज्यात असो, काळजीवाहू सरकारचा एखादा निर्णय वर्तमानपत्रात वाचलात, तर पक्ष कोणता हे क्षणभर विसरून पाच प्रश्न विचारा.

एक, हे काम नव्या सरकारपर्यंत थांबू शकले असते काय? दोन, ह्या निर्णयाने पुढच्या सरकारचे हात बांधले जातात काय? तीन, ह्याचा लाभ मतपेटीत कोणाला होणार? चार, निर्णय घेताना दुसऱ्या बाजूला विश्वासात घेतले काय? आणि पाच, किल्ली परत देण्याची तारीख ठरलेली आहे काय? पाचवा प्रश्न सर्वांत मोठा. तारीख नसलेला काळजीवाहू हा काळजी वाहत नाही, काळजी वाढवितो.

हेच प्रश्न आपल्या पक्षाचे सरकार असतानाही विचारण्याचे धैर्य ज्याला होईल, तो खरा नागरिक. दुसऱ्याच्या खयानतीवर बोट ठेवणे सोपे असते. आपल्याच माणसाला 'हा डबा आपला नाही' असे सांगणे कठीण. आणि ह्याचा सराव करावयाला दिल्लीला जावे लागत नाही. वर्गाचा मॉनिटर आजारी पडला आणि त्याची जबाबदारी तुमच्यावर आली, मोहल्ल्याच्या समितीचा हिशेब दोन महिने तुमच्या हाती आला, संस्थेच्या निवडणुकीपर्यंत जुन्या कार्यकारिणीने काम पाहिले, तर ते काळजीवाहू सरकारच होय. तेथे जो अमानत सांभाळतो, तोच उद्या मोठ्या ठिकाणी सांभाळील.

मी सुरुवातीला ज्या प्रभारी मुख्याध्यापकांची गोष्ट सांगितली, त्यांच्या शेवटच्या दिवसाची कल्पना करून मी थांबतो. नवे मुख्याध्यापक आले आहेत. आपले गृहस्थ टेबलावर किल्ल्यांचा जुडगा ठेवतात, डेड स्टॉक रजिस्टर उघडून एकेक वस्तू मोजून देतात, कॅशबुकातली शिल्लक दाखवितात, पडलेल्या छपरावर किती खर्च झाला त्याची पावती पुढे करतात, आणि चार्ज दिल्याच्या कागदावर सही करून आपल्या वर्गावर तास घ्यायला निघून जातात. मुलांना ह्यातले काही कळतही नाही. त्यांची घंटा नेहमीच्या वेळी झालेली असते.

देशाचा कारभारही एका हातातून दुसऱ्या हाती असाच जावा, आणि तो तसा जातो की नाही हे पाहणारे डोळे आपल्या शाळांतून तयार व्हावेत, अशी माझी इच्छा आहे.